बोट जाईल, मुंडकं निघणार नाही

झरी जामणी म्हटलं की बाहेरगावचा माणूस आधी विचारतो, "नक्की कुठलं? झरी की जामणी?" यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, तेलंगणाच्या कुंपणाला पाठ टेकून बसलेला आमचा तालुका नावातच दोन गावं घेऊन बसला आहे. हृदय लब-डब, लब-डब असं वाजतं म्हणतात. पण इथं बावीस वर्षं गणित शिकवल्यावर माझी खात्री झाली आहे की आमच्याकडच्या छातीत झरी-जामणी, झरी-जामणी असंच वाजत असणार. झरी ऐकू आली आणि जामणीला उशीर झाला, की समजायचं, वणीच्या डॉक्टरांकडे जायची वेळ झाली.

तसा मी गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "गुरुजी, रोज पाऊण तास चाला. दम लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे."

सल्ला चांगला होता आणि फुकट पाळता येण्यासारखा होता. पण पन्नाशीतल्या गणिताच्या मास्तराला 'दम लागला पाहिजे' हे उदाहरण अपुरं वाटतं. किती दम? कोणत्या एककात? बायको म्हणाली, "मी सोबत येते, तुम्ही बोलता का नाही ते पाहते." या मोजमापात मला बोलायची संधी मिळणार नव्हती, म्हणून मी ठोके मोजणारं घड्याळ मागवलं.

पार्सल झरीपर्यंत आलं नाही, पांढरकवड्याला जाऊन आणावं लागलं. तिथंच मनगटावर चढवलं आणि मोटारसायकलला किक मारली. घरी पोहोचून पाहतो तर ३,११२ पावलं! सगळी बुडावर बसून चाललेली. पुढे कळलं की घड्याळाच्या पोटात हालचाल टिपणारं एक यंत्र असतं. त्याला पाय दिसत नाहीत, फक्त हिसके कळतात. आणि हिसक्यांची आमच्या रस्त्यांना कधी वाण पडलेली नाही. इथं बसल्या जागी माणूस तालुका पायी फिरून येतो.

घड्याळ घालायची माझी रीत वडिलांची. त्यांच्याकडे लग्नात मिळालेलं एचएमटी होतं, साखळीच्या पट्ट्याचं. हात खाली सोडला की ते तळव्यापर्यंत घरंगळायचं आणि वर केला की कोपराकडे निघायचं. त्या काळच्या सगळ्या जावयांची घड्याळं सैलच असत, कारण सासऱ्यानं दुकानात जाताना जावयाचं मनगट सोबत नेलेलं नसे. वेळ पाहायच्या आधी मनगटाला एक झटका द्यायचा, घड्याळ जागेवर यायचं, मग भुवया उंचावून पाहायचं. त्या झटक्यात एक रुबाब होता. तो रुबाब मी या नव्या घड्याळाला लावला.

पहिला आठवडा फार सुखात गेला. पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर निघायचो. घड्याळात पाहावं तर ठोके ११६. जरा झपझप चाललो की १२४, रेंगाळलो की १०४. हृदय असावं तर असं, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या पोरासारखं. माझ्या वयाचा हिशेबही मी करून ठेवला होता. २२० वजा वय म्हणजे हृदयाची कमाल गती; माझी १७०. मध्यम व्यायामात तिच्या ५० ते ७० टक्क्यांत राहायचं, म्हणजे ८५ ते ११९. माझे ११६ बरोबर त्यात! (हे सूत्र १९७१ सालापासून जगभरच्या व्यायामशाळांच्या भिंतींवर आहे. अनेकांच्या आकड्यांवरून अंदाजानं ओढलेली ती रेघ. २००१ साली तनाका आणि मंडळींनी जास्त नेटका हिशेब दिला: २०८ मधून वयाच्या सात-दशांश पट वजा करा. त्यानं माझे १७३ होतात. एवढी मेहनत करून त्यांनी मला तीन ठोके दिले, पण दिले हे खरं.)

मग एके दिवशी सहज चाळा म्हणून पावलं मोजली. मिनिटाला ११६. घड्याळातले ठोके ११६. वेग वाढवला. पावलं १२४, ठोके १२४. गणित शिकवणाऱ्या माणसाला योगायोग आवडत नाहीत. एकदा झाला तर नशीब, दोनदा झाला तर कॉपी.

रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटरचा सराव करत असतात. त्यातला एक माझाच जुना विद्यार्थी. अपूर्णांकात त्याला मी कधी पास केलं नव्हतं. तो जागच्या जागी उड्या मारत माझं घड्याळ पाहून म्हणाला, "सर, हे तुमचे पाय मोजून रायलं. माया दोस्ताचं बी असंच होये."

त्याचं निदान बरोबर होतं. पट्टा सैल असला की दर पावलाला घड्याळ उडतं, कातडीपासून सुटतं, परत आपटतं. नाडीचा ठोका नाजूक, पावलाचा दणका मोठा. घड्याळाला जो ताल मोठ्यानं ऐकू येतो तोच ते हृदयाचा म्हणून लिहून घेतं. धावणारी मंडळी याला 'केडन्स लॉक' म्हणतात. म्हणजे आठवडाभर माझे पाय मध्यम व्यायामाच्या पट्ट्यात होते आणि हृदयाची हजेरी पायांनीच लावली होती. अशी हजेरी लावल्याबद्दल मी पोरांना बाकावर उभं केलेलं आहे.

तरी मी पट्टा आवळला नाही. सवय आणि रुबाब दोन्ही आडवे आले. त्याचा निकाल नोव्हेंबरच्या शेवटी लागला.

त्या दिवसांत शेतात तूर उभी असते, हरभरा वर येत असतो आणि दोन्हींवर रानडुकरांचा आमच्याइतकाच हक्क असतो, निदान त्यांची तशी समजूत असते. म्हणून लोक जागलीवर जातात. रात्रभर मचाणावर, हाताशी टॉर्च, पत्र्याचा डबा, फटाके. शिवाय टिपेश्वर अभयारण्य लांब नाही आणि तिथल्या वाघांना तालुक्याच्या हद्दी कोणी शिकवलेल्या नाहीत. रस्त्याला लागून आमच्या आळीतल्या मामांचं शेत आहे. मी अंधारात रमतगमत निघालो होतो. हात सवयीनं मागेपुढे हलत होता आणि सैल घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा हाताच्या प्रत्येक झोक्याला बाहेर डोकावत होता. आता पुरुषभर उंचीच्या माणसाचं मनगट जमिनीपासून जिथं हलतं, साधारण तिथंच मोठ्या जनावराचा डोळा असतो, हे भूमितीचं सत्य मला कोणत्याही पुस्तकात भेटलं नव्हतं.

मचाणावरून पहिल्यांदा डबा वाजला. मग मामांचा आवाज. मग फटाका. मी कुठल्या दिशेला पळालो ते आजही सांगता येणार नाही, पण जिथं थांबलो तिथं काटे होते. छाती अशी वाजत होती की झरी कुठली आणि जामणी कुठली वेगळं कळेना. एवढ्या भानगडीतही मास्तराचा हात शिस्तीनं वर आला. म्हटलं, आकडा तर पाहू, १६०च्या पुढे असणार. घड्याळावर दोन आडव्या रेघा होत्या. हृदय जन्मात एकदा खरं धावलं, आणि ते मोजायला ठेवलेला कारकून नेमका रजेवर!

मामा टॉर्च घेऊन खाली आले. "सर होय काय! मले वाटलं जनावर."

"एका डोळ्याचं?"

"काना असन म्हटलं."

मग त्यांनी टॉर्च माझ्या मनगटावर धरला. पट्ट्याखाली सहज दोन बोटं घालून घड्याळ गरागरा फिरवलं. "हे बांधेल हाय का टांगेल हाय? सर, तुमी दावं नाई बांधलं काय कधी? बोट जाईन, पण मुंडकं नाई निघन. बस. यवढंच शास्त्र हाय."

घरी येऊन घड्याळाची माहितीपुस्तिका काढली. किती भाषांत होती कोण जाणे, मराठी त्यात नव्हती. पण चष्मा लावून वाचली तर मामांचंच भाषांतर निघालं. पट्ट्याखाली एक बोट कसंबसं जाईल इतपत घट्ट. मनगटाच्या हाडावर नाही, हाडापासून दोन बोटं वर, कोपराकडे. हाड उंच, बाजूचा भाग सखल. हाडावर घातलं की घड्याळ खाटेच्या एका पायाखाली विटकर ठेवल्यासारखं डुगडुगतं आणि फटीतून उजेड ये-जा करतो. व्यायामाला निघताना आणखी एक भोक आवळायचं, परत आलं की सैल करायचं. हे मामांना सांगितलं तर त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "काम झालं का दावं सैल करा लागते, नाईतं मान सोलते," म्हणाले. माझं मनगट दोन दिवस घट्ट पट्ट्यात राहून लाल झालं होतं ते मी बाहीत लपवलं.

त्या हिरव्या दिव्याचं मात्र मला कुतूहल होतं. लहानपणी वीज गेली की टॉर्चवर पंजा ठेवायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळलेला आहे. बोटं लालभडक दिसतात. कारण रक्त लाल उजेड जाऊ देतं आणि हिरवा खाऊन टाकतं. घड्याळ त्याचाच फायदा घेतं. कातडीवर हिरवा उजेड मारायचा आणि किती परत आला ते पाहायचं. हृदयानं ठोका दिला की मनगटात रक्ताची लाट येते, हिरवा उजेड जास्त खाल्ला जातो, परत कमी येतो. लाट ओसरली की जास्त येतो. हे कमी-जास्त मिनिटाला किती वेळा झालं तेवढे ठोके. म्हणजे घड्याळ काही ऐकत नाही आणि चाचपतही नाही. उजेड उसना देतं आणि परतफेड मोजतं. मध्ये फट राहिली की बाहेरचा उजेड आत येतो, आतला बाहेर जातो, आणि बचत गटाच्या वहीत होतो तसा हिशेबाचा घोळ होतो.

आता मी तरबेज झालो होतो आणि तरबेज माणसाला दुसऱ्याचं मनगट दिसलं की राहवत नाही. सासऱ्यांच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. वेचणाऱ्यांत सत्तरीच्या एक आजी आहेत. दुपारी भाकरी खायला बसल्या तेव्हा मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं, हाडापासून दोन बोटं वर, बोट जाईल इतपत, घड्याळ त्यांच्या हातावर बांधलं. आजींनी ओळखलं. "कोरोनात आशाताई बोटाले चिमटा लावे, तसंच होय ना?" तसंच. २०२०च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत दारोदार फिरलेला तो ऑक्सिमीटरही उजेडाचाच खेळ होता.

घड्याळानं थोडा विचार केला आणि लिहिलं: 'कृपया घड्याळ मनगटावर घाला.'

मी वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, "मंग हे का खुट्याले घातलं?"

परत बांधलं, काच पुसली, आजींचा हात पुसला. पुन्हा तेच. वेचणीतल्या बाया जमल्या. एकीनं आजींना हळूच विचारलं, "आजे, बरं हाय ना?" शेवटी माझं लक्ष गेलं. घड्याळाखाली हिरव्यागार गोंदणाची दाट वेल होती. गोंदण आमच्याकडे गोंड-परधान घरांतच नाही, कुणब्यांच्या आज्यांच्या हातावरही असतं. ती शाई कातडीच्या आत बसलेली. घड्याळाचा उजेड रक्तापर्यंत पोहोचण्याआधी शाईच गिळते. २०१५ साली अ‍ॅपलचं घड्याळ नवं आलं तेव्हा अमेरिकेतल्या हातभर टॅटूवाल्यांचीही हीच तक्रार होती, आणि टॅटूची शाई, नक्षी आणि दाटपणा उजेड अडवू शकतात हे कंपनीनंही लिहून मान्य केलं. म्हणजे कॅलिफोर्नियात जे हुशार लोकांच्या लक्षात आलं नव्हतं, ते आजींच्या आईनं सुईनं टोचून ठेवलं होतं.

घड्याळ गोंदणाच्या वर, कोऱ्या कातडीवर सरकवलं. लगेच आकडा आला: ८८. सकाळपासून वाकून कापूस वेचलेली सत्तरीची बाई, ८८! त्याच वेळी, बांधापर्यंत चालत आलेला मी १०२.

आजी गोंदणाकडे पाहत होत्या. "गोंदण मेल्यावर संगं येते म्हनते, मास्तर. सोनं नाई येत. म्हनून तं ते तुमच्या घड्याळाले काई सांगत नाई."

डिसेंबर उजाडला तशी नवी अडचण. पहाटेच्या गारठ्यात पहिली दहा मिनिटं घड्याळ ५४ दाखवायचं. एखाद्या ऑलिंपिक धावपटूचे असतात तितके. थंडीत शरीर कातडीकडचा रक्तपुरवठा आखडतं, आतल्या महत्त्वाच्या मंडळींना आधी देतं. मनगटात लाटच बारीक येते, घड्याळ मोजणार काय? उपाय एकच. आधी घरातच हातपाय हलवून अंग तापवायचं आणि घड्याळ स्वेटरच्या बाहीखाली ठेवायचं. बाही मात्र घड्याळाला ढकलत खाली नेणार नाही हे पाहायचं. आमच्या बायकोनं विणलेल्या स्वेटरची बाही तर माणसालाही ढकलते.

पुण्याचा भाचा मॅरेथॉन पळतो. त्याला ही रडगाणी फोनवर सांगितली तर म्हणाला, "मामा, मनगटाचं सोड. छातीचा पट्टा घे." त्या पट्ट्याची जन्मकथा मला आवडली. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठाचे सेप्पो सायनायाकांगस यांना बर्फावरून स्की करणाऱ्या खेळाडूंचे ठोके पळता पळता मोजायचे होते. त्यांनी १९७७ मध्ये पोलार नावाची कंपनी काढली आणि १९८२ मध्ये बिनतारी ठोकेमापक बाजारात आला. छातीला पट्टा, मनगटावर आकडा. हा पट्टा उजेडाच्या भानगडीत पडत नाही, ईसीजीसारखी हृदयातली वीजच पकडतो. म्हणून गोंदण, गारठा, पाऊल यांचं त्याला फारसं वावडं नाही. अट एवढीच की छातीच्या खालच्या कडेला, बरगड्यांवर नीट बसवायचा आणि त्याच्या पट्ट्या घालण्याआधी ओल्या करायच्या, कोरड्या कातडीतून वीज नीट येत नाही. पाणी नसेल तर जगभरचे धावपटू सरळ जीभ लावतात, असं भाच्यानं सांगितलं. त्याचा जुना पट्टा त्यानं पाठवलाही. मी तो जीभ वगैरे न लावता, तांब्यातल्या पाण्यानं ओला करून बांधत होतो. बायको आत आली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "करदोडा वर चढला का हो?"

पट्टा कपाटात आहे.

त्यानंतर मी सगळ्यात जुन्या यंत्राकडे वळलो: अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं. शार्ङ्गधर संहितेपासून वैद्य असेच बसलेले आहेत. पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा. नाडी सापासारखी चालली तर वात, बेडकासारखी उडाली तर पित्त, हंसासारखी डुलली तर कफ. मला प्राण्यांत शिरायचं नव्हतं. पंधरा सेकंद मोजायचं, चारनं गुणायचं. भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं राहून मोजले २४, म्हणजे ९६. मनगटावर नीट बांधलेलं घड्याळ म्हणालं ९७. हा एक ठोका मी भागाकारातली बाकी म्हणून सोडून दिला.

हापशीवर पाणी भरताना मात्र ते अजूनही चुकतं. मूठ आवळली, मनगट वाकलं, की आतले स्नायू घड्याळाला उचलून धरतात. तेव्हा मी पाणी भरायचं सोडून दिलं. वैद्यकीय कारण आहे.

गेल्या आठवड्यात मामांचा ढवळ्या खाईना. गुरांच्या दवाखान्यातले साहेब आले. त्यांनी ढवळ्याची शेपटी उचलली आणि मुळाशी, खालच्या बाजूला बोटं ठेवून घड्याळाकडे पाहत उभे राहिले. मी विचारलं. म्हणाले, "गुरांची नाडी इथंच. मोठ्या जनावराची मिनिटाला पन्नास ते ऐंशीच्या मध्ये पाहिजे." मोजली ६४. ताप नव्हता, नुसतं अजीर्ण होतं. कुणीतरी सरकी जास्त घातली होती.

साहेब गेल्यावर मी आणि मामा ढवळ्याच्या मागे उभे होतो. मी पाहिलं, शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला केस नसतात. कातडी मऊ. गोंदण नाही. हाड डुगडुगत नाही. गोठ्यात ऊब होती. मामांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, मी मामांकडे.

"बांधू काय?" मी विचारलं.

"बांधा. पण तुमच्या हातानं नका बांधू," म्हणत मामांनी घड्याळ घेतलं आणि एका हातानं, न पाहता, आयुष्यभर दावी बांधलेल्या बोटांनी बांधलं. एक बोट घालून पाहिलं. पाच-सहा सेकंद गेले. ६६. महिनाभरातलं सगळ्यात भरवशाचं मोजमाप.

ढवळ्या आठवडाभर डवरा ओढून दमलेला, आता शांत उभा राहून रवंथ करत होता. तेवढ्यात घड्याळ थरथरलं. मी वाकून वाचलं: 'बराच वेळ एका जागी आहात. थोडं चाला!'

ढवळ्यानं मान वळवून मागे पाहिलं आणि माशा हाकलायला शेपटी हलवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मी मोबाईल काढून पाहिला. पावलं वाढत होती. ४,०००. ४,३००. चहा होईपर्यंत ६,००० आणि त्याखाली टाळ्यांचं चित्र: 'शाब्बास! आजचं उद्दिष्ट पूर्ण.'

"काढू काय?" मामांनी विचारलं.

"राहू द्या," मी म्हणालो. "सकाळी येतो घ्यायला."

"चालत?"

"मोटारसायकलनं."